विकत घेतलेले पुस्तक

माझ्या कपाटातली कादंबरी रात्री दुकानदार येऊन घेऊन गेला आणि उशाशी तिची किंमत ठेवून गेला, तर मी त्याला चोरच म्हणेन. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने हेच केले. लोकांनी पैसे मोजून किंडलवर घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके त्या कंपनीने दुरूनच पुसून टाकली. आणि त्यांत पुस्तक कोणते, तर '१९८४'! ज्याने ती तेथे विकायला ठेवली, त्याला तसा हक्क नव्हता हे खरे. पैसे परत मिळाले, पुढे माफीही मागितली गेली. पण परक्याचा हात घरात शिरला तो शिरलाच. एका विद्यार्थ्याने त्यावर टिपणे काढली होती. पुस्तकच गेल्यावर ती कशाला जोडायची? मी पडलो मास्तर, मला त्याचेच जास्त वाईट वाटते.

म्हणे, आम्ही पुस्तक विकत नाही, वाचण्याचा परवाना देतो. मग बटणावर 'विकत घ्या' कशाला लिहिता? कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून असा खुलासा करणे विक्रेत्यांना कायद्याने भाग पाडले, तेव्हा कुठे काहींना वाचा फुटली.

मीही लेखक आहे. माझे हक्क मला हवेतच. पण वाचकाने माझी कादंबरी एकदा घेतली, की ती त्याने शेजारणीला द्यावी, नातवासाठी ठेवावी, नाही तर खुशाल रद्दीत घालावी. मला विचारायला येऊ नये.