इंग्रजीचा धडा आणि कलम 28

संपादक महोदय,

इस्लामी मूल्ये गुंफलेले डिजिटल इंग्रजी पाठ म्हणजे धर्मप्रसार, हा आपल्या अंकातील आक्षेप राज्यघटना अर्धीच वाचतो. कलम 28 मधली धर्मशिक्षणाची बंदी पूर्णतः सरकारी निधीवरील संस्थांपुरती, म्हणजे गोंदिया जिल्हा परिषदेच्या शाळांना ती लागू. खासगी अनुदानित शाळांत मनाई आहे ती सक्तीला. शिवाय ईदला शेजारी शीरखुर्मा नेऊन देण्याचा इंग्रजी संवाद धर्मशिक्षण ठरत नाही. दिवाळीच्या फराळावरचा धडा कुठे ठरतो?

अशा पाठांतल्या इंग्रजीमुळे उर्दू माध्यम बुडेल, हा दुसरा आक्षेपही निराधार. राज्यात सर्व माध्यमांना 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे.

पाठ जरूर तपासावेत. पण निकष दोनच: भाषा बिनचूक आणि पालकांची संमती.

— एक वाचक, गोंदिया