वेताळाला घर हवे

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरच्या ट्रंकेतून वेताळाची जुनी इंद्रजाल कॉमिक्स खाली उतरतात. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. तेव्हा रद्दीवाल्याचा तराजू दारात येण्याआधी आमचे थोडे ऐका.

वेताळाचे खरे वैरी समुद्रावरचे चाचे नव्हेत. ज्यावर तो छापला गेला तो कागदच त्याच्या मुळावर उठला आहे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद हवा-उजेडाने पिवळा पडतो, त्यातले आम्ल वाढते नि पान पापडासारखे मोडते. त्यावरचे घरगुती उपाय तर पाहवत नाहीत! कोणी चिकटपट्टी लावतो. तिचा गोंद पुढे तपकिरी डाग होऊन बसतो. कोणी मऊ पीव्हीसीच्या पिशवीत अंक कोंबतो. त्या प्लास्टिकला मऊपणा देणारी द्रव्ये हळूहळू पाझरतात नि मुखपृष्ठाची शाई पिशवीला चिकटते. बाइंडिंगवाला कडा छाटतो, ते तर न्हाव्याचेच काम!

पिशवी पॉलिएस्टरची घ्यावी, पाठीला आम्लरहित पुठ्ठा द्यावा, अंक पेटीत उभे ठेवावेत. मुंबई-कोकणात मात्र पिशवीचे तोंड चिकटवू नये. आत कोंडलेली ओल बुरशी आणते, पिना गंजवते. आणि माळा नकोच. छताखालची उन्हाळ्यातली धग कागदाला अकाली म्हातारपण आणते. त्यापेक्षा आतल्या भिंतीच्या कपाटातला मधला खण बरा. तो सध्या कोणाच्या ताब्यात आहे, नि बोलणी कशी करायची, हे मात्र ज्याचे त्याने पाहावे.