समुद्र आपल्या बांधाला लागला आहे



बनेश्वराच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. तिथली मोठी घंटा कधी नीट निरखून पाहिली आहे का? तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटा घाटावर आल्या, त्यातलीच ही एक, असे जुनी माणसे सांगतात. म्हणजे बंदरावरची वस्तू आपल्या नसरापुरात पिढ्यान्‌पिढ्या वाजते आहे. तरीसुद्धा समुद्राचा विषय निघाला की आपण म्हणतो, "ते कोकणातल्या लोकांचं काम, आपल्याला काय त्याचं?" या 'आपल्याला काय'बद्दलच मला चार शब्द बोलायचे आहेत.

आधी हिशोब करू. दहा टक्के उतारा धरला तर एक टन उसाची साखर होते ५० किलोची दोन पोती. वीस फुटी कंटेनरात अशी सुमारे ५०० पोती बसतात. म्हणजे २५० टन ऊस झाला. एकरी ४० टन धरा; सहा-सव्वासहा एकरांचा फड एका लोखंडी पेटीत बसला! कच्ची साखर तर जहाजाच्या पोटात सुटीच ओततात. ५०,००० टनांचे एक जहाज भरायला याच हिशोबाने साडेबारा हजार एकरांचा ऊस लागेल. आपण फडात कोयता चालवतो, पण त्या उसाचा शेवटचा प्रवास पुष्कळदा पाण्यावरून होतो.

२०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. तेवढी पूर्वी कधीच गेली नव्हती. साखर बाहेर गेली की गोदाम मोकळे होते, तारणावरचे व्याज थांबते आणि उसाचे बिल वेळेवर देण्याची ताकद येते. पुढे जून २०२२ पासून सरकारने निर्यातीवर बंधन घातले, २०२३-२४ च्या हंगामात परवानगीच दिली नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची वाट मोकळी केली. हा निर्णय दिल्लीत होतो, तो कारखान्याच्या हातात नाही, हे कबूल. पण वाट मोकळी झाल्यावर पोत्यामागे आपल्या पदरात काय पडते, ते मात्र रस्ता, गोदी आणि जहाज ठरवते. परदेशी गिऱ्हाईक त्याच्या दारात पोचलेल्या मालाचा भाव पाहतो. त्यातून जहाजाचे भाडे, विमा, गोदीचा खर्च, ट्रकचे भाडे वजा करत करत जो आकडा उरतो, तो कारखान्याच्या फाटकावरचा भाव. जहाजभाडे वाढले की कात्री लागते ती या शेवटच्या आकड्याला.

मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' नावाचे ४०० मीटर लांबीचे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा पुष्कळ जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली गेली. फेरीमागे दहा-दहा दिवस वाढले, भाडी चढली. हे सगळे पेपरात पहिल्या पानावर होते. पण चेलाडी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर त्याची चर्चा मी तरी ऐकली नाही.

आपले पूर्वज एवढे बेफिकीर नव्हते. आपला राजगड राजधानी होता, त्याच काळात स्वराज्याचे आरमार उभे राहिले. पोर्तुगीजांच्या बारदेशातले स्वस्त मीठ घाटावर येऊन संगमेश्वरच्या मिठाचा धंदा बसवू लागले, तेव्हा महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभेदाराला त्यावर जबर जकात बसवायला लिहिले. डोंगरात राहून बंदराचा हिशोब ठेवणारा राजा होता तो. अलीकडचे उदाहरण वालचंद हिराचंद यांचे. सोलापूरच्या या माणसाने सोबत्यांबरोबर सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून विलायतेला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. आणि याच माणसाने आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, उसाचे वालचंदनगर उभे केले. ऊस आणि जहाज एका डोक्यात मावू शकतात, याचा याहून मोठा दाखला कोणता?

आता मालाकडून माणसाकडे येतो. 'एव्हर गिव्हन'वरचे २५ खलाशी भारतीय होते. जहाज कालव्यातून सुटले, पण भरपाईच्या वादात ते जुलैपर्यंत इजिप्तमध्ये अडकून पडले. जगाच्या जहाजांवर राबणाऱ्यांत आपल्या देशाची माणसे फार मोठ्या संख्येने आहेत, आणि आता घाटावरची पोरेही त्या वाटेने निघाली आहेत. जमिनीचे तुकडे पडले, पाच भावांत दीड एकर, पोरगं म्हणतं, "आण्णा, मी बोटीवर जातो." जाऊ द्यावे, इज्जतीचे काम आहे. पण डोळे उघडे ठेवून.

माझ्या चुलत भावाने अडसालीचे सगळे बिल एका एजंटाच्या हातावर ठेवले. पोराला परदेशातल्या बंदरात नेऊन एका जुनाट बोटीवर चढवले. सांगितलेले काम निराळे, प्रत्यक्षातले निराळे. चार महिने पगार नाही. पोरगा कसाबसा परत आला, पण पैसे गेले ते गेलेच. हे टाळता आले असते. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायचे नाहीत, असे २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात आहे, आणि भारताने तो २०१५ साली स्वीकारला. भरती करणाऱ्याकडे मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. तो खरा की खोटा, हे पाहता येते. प्रशिक्षणाची संस्थाही मान्यताप्राप्त आहे की नाही, हे तिथेच कळते. एवढी चौकशी केली असती तर ते बिल घरात राहिले असते. बैल घेताना आपण दात मोजतो, आणि पोरगं पाठवताना कागदसुद्धा वाचत नाही!

उसाच्या संशोधनासाठी सहकाराने मांजरीला संस्था उभी केली. बेणे, माती, खत, उतारा यांचा अभ्यास झाला, त्याचे फळ आपण खातो. तसाच अभ्यास फाटकापासून जहाजापर्यंतच्या वाटेचाही हवा. नसरापूरहून न्हावाशेवा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्या वाटेवर पोत्यामागे किती खर्च होतो, गोदीत माल किती दिवस थांबतो, हे सभासदाला ठाऊक असायला नको का?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या वर्षी साखर निर्यातीला जाईल, त्या वर्षीच्या अहवालात एक पान त्या खर्चाचे असावे. सभासद मेळाव्याला बी-बियाण्याच्या तज्ज्ञाबरोबर कधी गोदीतला जाणता माणूसही बोलवावा. आणि बोटीवर जाऊ इच्छिणाऱ्या पोरांसाठी शेतकी खात्याच्या फलकावर चौकशीची चार कलमे कायमची लावावीत. याला भांडवल लागत नाही, फक्त मनावर घ्यावे लागते.

पुढच्या वेळी बनेश्वराला गेलात तर ती घंटा जरा जास्त वेळ पाहा. आणि येत्या सर्वसाधारण सभेत या तीन गोष्टी माझ्याबरोबर तुम्हीही मांडा. एकट्याचा आवाज मंडपाच्या मागच्या रांगेतून पुढे पोचत नाही.

आपला,
एक सभासद, नसरापूर