नोंदणी त्यांची, जबाबदारी आईची

मैत्रिणींनो, श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्या नोंदणीचा विषय आपल्या अंकात कशाला, असं काहीजणींना वाटेल. मागच्या बैठकीत मी तो काढला तेव्हा एकीने विचारलंच, "हे त्या व्यवसायातल्या लोकांचं आपसातलं भांडण. त्यात बायकांचं काय?" मी बीड जिल्ह्यात बारा वर्षं काम करते आहे. ज्या घरात ऐकू न येणारं मूल आहे तिथे विचारा, मशीनला पैसे कुठून आले? गंठण मोडलेलं असतं. मुलाला उपचाराला कोण नेतं? आई. आणि मूल बोलायला लागलं नाही तर दोष कुणाचा? तोही आईचाच. मग त्या मशीनपलीकडे पांढरा कोट घालून बसलेला माणूस कोण, त्याला तिथे बसायचा अधिकार कुणी दिला, आणि त्याने फसवलं तर त्याला जाब विचारायचा अधिकार त्या बाईला आहे की नाही, हा प्रश्न बायकांचा नाही तर कुणाचा?

तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी लॉजवर एक खोली घेतलेली असते. बाहेर कापडी फलक: मोफत कान तपासणी शिबिर. आत एक टेबल, एक पेटी, एक तरुण. मुलाच्या पाठीमागे उभं राहून टाळ्या वाजवायच्या, दोन-चार आवाज काढायचे आणि सांगायचं, "मशीन लागेल." तपासणी फुकट, मशीन विकत. कानाचा साचा घेतलेला नसतो, कोणत्या पट्टीतलं किती ऐकू येतं याचा आलेख काढलेला नसतो. चार वर्षांच्या एका मुलाला असंच मशीन बसवलं होतं. ते मूल मशीन ओढून फेकून द्यायचं. सासू म्हणायची, "हिलाच घालता येत नाही नीट." मुलाला आम्ही सरकारी रुग्णालयात नेलं, तिथे रीतसर तपासणी झाली. त्याच्या कानाला लागणाऱ्या ताकदीच्या कितीतरी वर ते मशीन लावलेलं निघालं. पोराला त्रास होत होता, म्हणून ते फेकत होतं. जास्त आवाजाच्या मशीनने उरलंसुरलं ऐकूही कमी होऊ शकतं. आणि बोली शिकायची पहिली तीन-साडेतीन वर्षं तर निघूनच गेली होती. तो तरुण पुन्हा त्या लॉजवर आला नाही. पावती मागितली तर आईकडे एक चिठ्ठी होती, तिच्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा.

आपल्याकडे अशा मुलाला सरळ 'मुकं' म्हणून मोकळे होतात. बहुतेकांचा गळा आणि जीभ ठणठणीत असते. ऐकू येत नाही म्हणून बोली येत नाही. म्हणजे वेळेवर आणि योग्य तपासणी हीच अर्धी लढाई आहे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं या शास्त्रातली माणसं सांगतात. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेली सुमारे ५० लाख आणि बोलण्याचं असलेली सुमारे २० लाख माणसं मोजली गेली. यातल्या मुलींचा कान कधी तपासला जातो, हे मी वेगळं सांगायला नको. मुलगा हाकेला ओ देत नाही म्हणून दवाखाना होतो. मुलगी ओ देत नाही म्हणून 'गरीब स्वभावाची' ठरते.

कायदा नाही, असं मात्र नाही. १९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. पुनर्वसन व्यावसायिक कोणाला म्हणायचं याची यादी त्यात आहे आणि त्या यादीत पहिलंच नाव श्रवणतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ यांचं आहे. कानाच्या मशीनचे आणि साच्याचे तंत्रज्ञही त्याच यादीत येतात. मान्यताप्राप्त शिक्षण आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव, या दोन गोष्टी नसतील तर देशात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही, सरकारी पद धरता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या दाखल्यावर सही करता येत नाही. मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार! कानाचं एक साधं डिजिटल मशीनही त्या पैशात येत नाही. एका गिऱ्हाइकाच्या नफ्यात दंड फिटतो.

पण खरी मेख दंडात नाही. या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने कधी घ्यायची, तर परिषदेने अधिकार दिलेल्या माणसाने लेखी तक्रार केली तरच. ज्या बाईचं गंठण गेलं, तिने केली तर नाही. परिषद दिल्लीत. डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी राज्याची परिषद आहे, मुंबईला जाऊन भांडता तरी येतं. इथे राज्याची परिषदच नाही. केजच्या किंवा गेवराईच्या बाईने दिल्लीला अर्ज करायचा आणि कुणीतरी अधिकृत माणूस तिच्या वतीने तक्रार करील याची वाट बघायची. कायद्याने व्यवसायाचं नाव राखलं, बाई राखली नाही. फसवली गेलेली आई या कायद्याच्या लेखी तक्रारदार नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईचे खटले चालवताना आपण हेच ऐकत आलो ना, की 'तुमचा यात संबंध काय?'

आता आपल्यातल्याच काही मैत्रिणींचा आक्षेप. परवाना म्हणजे शिकलेल्यांची मक्तेदारी, पदवीवाल्यांनी सुईणीला अडाणी ठरवून घरी बसवलं, तसंच हेही होईल. या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. पण सुईण गावाला बांधलेली असते. तिच्या हातून चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर तिला तोंड दाखवावं लागतं. लॉजवरच्या माणसाला कुणाला तोंड दाखवायचंय? आशाताईने घरोघर जाऊन 'बाळ आवाजाला दचकतं का' हे विचारायला नोंदणी लागू नये. अंगणवाडीताईने, आईने, कर्णबधिर बाईने मुलाशी खुणांनी बोलायला तर कुणाच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही. पण निदान करतो म्हणून, उपचार करतो म्हणून जो पैसे घेतो, त्याची नोंद हवीच. एवढी रेघ आपल्याला ओढता यायला हवी.

आणि नोंदणी असलेले सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. शहरात 'बालविकास केंद्र' नावाची दुकानं निघाली आहेत. भिंतीवर एका मुलीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं असतं. ती मुलगी तिथे महिन्यातून एकदा येते, किंवा येतच नाही. रोजचा उपचार थोड्या आठवड्यांचं शिबिर केलेल्या, तुटपुंज्या पगारावरच्या दुसऱ्या मुलीच्या गळ्यात. मालक तिसराच. मी असं केंद्र पाहिलंय. तिथे आलेल्या आईला वाटत असतं की चौकटीतली ती हीच. या व्यवसायात बायका पुष्कळ, हे विसरू नका. चार वर्षं शिकून आलेली मुलगी सरकारी केंद्रात कंत्राटावर राबते किंवा आपली सही भाड्याने देते. तिच्यावरचा अन्याय आणि आईवरचा अन्याय एकमेकांविरुद्ध उभे करायचं काम मालक करतो, आपण ते करू नये.

नोंदणीकृत तज्ज्ञांबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. "घरी सराव कमी पडतो," हे वाक्य त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघतं! एका तांड्यावरच्या आईला सांगितलं गेलं की घरात गोरमाटी बोलू नका, फक्त मराठी बोला. तिला स्वतःला धड मराठी येत नव्हती. ती मुलाशी बोलायचीच थांबली. ज्या घरात दिवाळी झाली की उचल फेडायला नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्याला जातात, तिथल्या आईने आठवड्याला दोनदा उपचाराला यावं आणि रोज दोन तास खेळत शिकवावं, हे कुणाच्या भरवशावर सांगता? पहाटे फडात जाणारी बाई दोन तास आणणार कुठून? बाईचं फुकट श्रम गृहीत धरूनच हा उपचार उभा आहे, आणि ते श्रम कमी पडले की अपयशाची पावती तिच्या नावाने फाटते. पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करताना तज्ज्ञाला प्रशिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. आईला तिच्या भाषेत लेखी काय दिलं, हे कुणी तपासत नाही.

बलात्काराच्या खटल्यांत काम करणाऱ्या मैत्रिणींनी तर या नोंदवहीकडे आजच लक्ष द्यावं. २०१३ साली पुरावा कायद्याच्या कलम ११९ मध्ये दुरुस्ती झाली. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, असं त्यात आलं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद आहे. आणि पुनर्वास परिषदेचा कायदा सांगतो की अपंगत्वाच्या बाबतीत तज्ज्ञ म्हणून साक्ष नोंदवहीत नाव असलेल्यानेच द्यायची. म्हणजे कर्णबधिर मुलीच्या खटल्यात घाईघाईने कुणीतरी 'ओळखीचे सर' उभे केले, तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न नोंदणीचा विचारेल, आणि तिचं खरं बोलणं त्यावर वाहून जाईल.

मग मागायचं काय? कायदा बदलून फसवल्या गेलेल्या व्यक्तीला थेट तक्रारीचा अधिकार द्या, दंड मशीनच्या किमतीच्या पटीत करा, राज्यात तक्रार ऐकणारं कार्यालय उघडा. प्रत्येक केंद्रावर आणि मशीनच्या दुकानावर नोंदणी क्रमांक आणि प्रत्यक्ष हजर असणाऱ्या तज्ज्ञाचं नाव मराठीत, ठळक. आणि यासोबत तालुक्याला माणूस द्या. नोंदणीकृत माणूस जिल्ह्यालाच बसणार असेल तर लॉजवरच्याचा धंदा आपण कितीही ओरडलो तरी चालणार.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसायचं नाही. नोंदवहीतलं नाव परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येतं, ते कार्यकर्तीने फोनवर शोधून आईला दाखवावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे अपंग व्यक्तींसाठी चालवल्या जाणाऱ्या संस्थेलाही नोंदणी लागते, ती मागावी. मशीनची पावती घेतल्याशिवाय पैसे सोडू नयेत. फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि तिथे तक्रारदार म्हणून त्या बाईचंच नाव लागतं.

आमच्या गटाने तीन तालुक्यांतल्या मशीन विकणाऱ्यांची आणि उपचार केंद्रांची यादी करायला घेतली आहे: फलकावर काय लिहिलंय, आत कोण बसतं, नोंदवहीत नाव आहे का, पावती देतात का. तुमच्या जिल्ह्यात ही यादी करणाऱ्या मैत्रिणींनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. सगळ्यांच्या याद्या एकत्र करून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला न्यायच्या आहेत. दिवाळीनंतर टोळ्या निघतात, मग आया चार-पाच महिने सापडत नाहीत, म्हणून त्याआधी.