लस, जोकोविच आणि नियमाची इज्जत

ईदच्या आदल्या दिवशी, म्हणजे 2 मे 2022 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने कोविड लशीबाबत महत्त्वाचा निकाल दिला. कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, स्वतःच्या शरीरावरचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्येच येतो, असे न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले. ईदच्या खरेदीत आणि शीरखुर्म्याच्या तयारीत निकाल वाचायला वेळ कोणाला होता? आमच्याकडच्या काही ग्रुपमध्ये तर ‘कोर्टाने लस बंद केली’ असेच मेसेज फिरले.

निकालात असे काहीही नाही. उलट सरकारचे लसीकरण धोरण मनमानी नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार लस न घेतलेल्यांवर काही निर्बंधही घालू शकते. मात्र ते वाजवी असले पाहिजेत, त्यामागे आधार असला पाहिजे. लस न घेतलेल्या माणसाकडून संसर्ग जास्त पसरतो हे दाखवणारी माहिती राज्यांनी समोर ठेवली नाही, म्हणून तेव्हाच्या परिस्थितीत असे निर्बंध योग्य नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

शरीर माझे, पण मैदान, ट्रेन, ऑफिस सगळ्यांचे. मग नियम कोणाचा चालणार? याच प्रश्नावर 2022 मध्ये जगातले मोठे खेळाडूही अडकले. 22 मे 2022 पासून पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन सुरू झाली आणि नोवाक जोकोविच तिथे खेळला. त्याच जोकोविचला त्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाने विमानात बसवून परत पाठवले होते. ते प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे.

मेलबर्नमध्ये नेमके काय झाले?

ऑस्ट्रेलियात येणाऱ्या परदेशी माणसाला लशीचे दोन डोस किंवा वैद्यकीय सवलत सक्तीची होती. जोकोविचने लस घेतली नव्हती. 16 डिसेंबरला कोरोना झाल्याचा अहवाल दाखवून त्याने सवलत मागितली. टेनिस संघटनेच्या आणि व्हिक्टोरिया राज्याच्या वैद्यकीय समितीने ती दिलीही. पण 5 जानेवारीच्या रात्री तो मेलबर्नला उतरला, तेव्हा केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांनी हे कारण आम्हाला मान्य नाही म्हणत व्हिसा रद्द केला.

10 जानेवारीला न्यायाधीश अँथनी केली यांनी व्हिसा परत दिला. कारण साधे होते. बाजू मांडायला सकाळी साडेआठपर्यंत वेळ देतो असे सांगून अधिकाऱ्यांनी त्याआधीच निर्णय घेऊन टाकला होता. 14 जानेवारीला मंत्री अॅलेक्स हॉक यांनी खास अधिकार वापरून व्हिसा पुन्हा रद्द केला. 16 जानेवारीला तीन न्यायाधीशांनी एकमताने जोकोविचची याचिका फेटाळली. दुसऱ्याच दिवशी स्पर्धा सुरू झाली, नऊ वेळा ती जिंकलेल्या खेळाडूशिवाय. पुढे राफेल नदालने तिथेच आपले 21वे ग्रँड स्लॅम जिंकले. जोकोविच तेव्हा 20 वरच थांबलेला होता.

मेलबर्नच्या लोकांचा राग समजण्यासारखा होता. सहा लॉकडाऊन मिळून या शहराने 262 दिवस घरात काढले. अंत्यविधीला मोजकीच माणसे जाऊ शकत होती. लोकांनी रांगा लावून लस घेतली. आणि मग एका स्टारला सवलत मिळाल्याची बातमी आली. त्यातच कळले की पॉझिटिव्ह असल्याचे माहीत असूनही 18 डिसेंबरला त्याने एका फ्रेंच वृत्तपत्राला मुलाखत दिली, फोटो काढले. ही आपली चूक होती हे त्याने स्वतः कबूल केले.

तरीही एक गोष्ट नजरेआड करू नये. जोकोविचमुळे कोरोना पसरेल, असा मंत्र्यांचा मुद्दाच नव्हता. त्याच्यापासून धोका फारच कमी आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांचा मुद्दा असा की हा माणूस इथे दिसला, खेळला, तर लसविरोधी लोकांना जोर चढेल. म्हणजे त्याने काय केले यापेक्षा त्याला बघून लोक काय विचार करतील, यावर त्याला देशाबाहेर काढण्यात आले. न्यायालयानेही हा निर्णय शहाणपणाचा आहे का हे तपासले नाही, कायद्यात बसतो का एवढेच पाहिले.

असा अधिकार आज लस न घेणाऱ्या खेळाडूवर चालला. उद्या तो कोणावर चालेल, याचा विचार अल्पसंख्याकांनी तरी करायला हवा. जोकोविचला ज्या पार्क हॉटेलमध्ये ठेवले होते, तिथेच तीसेक निर्वासित वर्षानुवर्षे सुटकेची वाट पाहत होते. इराणसारख्या देशांतून जीव वाचवून आलेले तरुण त्यांत होते. जोकोविच काही दिवसांत बाहेर पडला. त्याच्यामुळे कॅमेरे त्या खिडक्यांकडे वळले खरे, पण उरलेल्यांची सुटका व्हायला एप्रिल उजाडला.

स्टारचा प्रभाव खोटा नाही

मंत्र्यांनी अधिकार कसा वापरला यावर वाद घाला, पण प्रसिद्ध माणसाचा परिणाम होतो हे खरेच आहे. आपल्या राज्यातच बघा. नोव्हेंबर 2021 मध्ये मुस्लिमबहुल भागांत लसीकरण कमी असल्याचे सांगताना तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सलमान खानची आणि धर्मगुरूंची मदत घेण्याचे जाहीर केले होते.

आम्ही शिक्षकांनी याची दुसरी बाजूही पाहिली. जानेवारी 2022 मध्ये 15 ते 18 वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा नेमका जोकोविच रोज टीव्हीवर होता. संमतीपत्रावर सही मागितली तर एका विद्यार्थ्याची अम्मी म्हणाल्या, ‘‘सर, इतना बडा खिलाडी नहीं लेता, तो कुछ तो बात होगी ना?’’ त्यांना टेनिसमधले काही कळत नव्हते. पण मुलाच्या मोबाइलवरची ती बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्यांना रागावून काय उपयोग? बसवून सांगावे लागले. जोकोविचने स्वतः फेब्रुवारीत बीबीसीला सांगितले की तो लसीच्या विरोधात नाही, लहानपणी त्याने लशी घेतल्या आहेत. फक्त निर्णय आपला असावा, त्यासाठी स्पर्धा सोडाव्या लागल्या तरी चालतील. ही त्याची भूमिका आहे आणि त्याने तिची किंमतही मोजली. पण तो काही लशीचा तज्ज्ञ नाही.

याबाबतीत बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू जोशुआ किमिश आठवतो. दीर्घकाळाचे परिणाम माहीत नाहीत, म्हणून लस घेतली नाही, असे त्याने ऑक्टोबरमध्ये सरळ सांगितले. नोव्हेंबरमध्ये त्याला कोरोना झाला, फुफ्फुसांवर परिणाम झाला आणि वर्षअखेरपर्यंत खेळता आले नाही. मग त्याने लस घेण्याचा निर्णय जाहीर केला. याउलट अमेरिकन फुटबॉलमधला अॅरन रॉजर्स. लस घेतली का, असे विचारल्यावर त्याने ‘मी इम्युनाइज्ड आहे’ असे गोलमोल उत्तर दिले, प्रत्यक्षात लस घेतलेली नव्हती. भीती वाटणे हा गुन्हा नाही, लोकांना अंधारात ठेवणे मात्र गैर आहे.

न्यूयॉर्कची दोन मापे

नियमाची खरी इज्जत गेली ती न्यूयॉर्कमध्ये. बास्केटबॉलपटू किरी आयर्विंग लस घेत नव्हता, म्हणून शहराच्या नियमाप्रमाणे तो ब्रुकलिनच्या घरच्या मैदानावर खेळू शकत नव्हता. गंमत बघा, बाहेरगावच्या संघातला लस न घेतलेला खेळाडू तिथे येऊन खेळू शकत होता. मार्चमध्ये तर आयर्विंग त्याच मैदानावर प्रेक्षक म्हणून बसला, पण खेळायला बंदी!

शेवटी 24 मार्चला महापौर एरिक अॅडम्स यांनी खेळाडू आणि कलाकारांना सूट दिली. त्याच शहराने फेब्रुवारीत लस न घेतल्याबद्दल सुमारे 1400 कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढले होते. त्यांना सूट मिळाली नाही. विषाणू तोच, शहर तेच. फरक एवढाच की आयर्विंगच्या नावावर तिकिटे खपतात. आयर्विंगने रमजानचे रोजे ठेवल्याचे जाहीर सांगितले आहे, त्यामुळे आपल्या काही तरुणांना तो आपला वाटतो. वाटू द्या. पण इथे अन्याय झाला तो त्या 1400 घरांवर.

आपल्याकडे हे घडले नाही का? 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईची लोकल फक्त दोन डोस घेऊन 14 दिवस झालेल्यांना खुली झाली. तेव्हा कोविशील्डच्या दोन डोसमध्ये 84 दिवसांचे अंतर होते आणि लशीचा तुटवडाही. जूनमध्ये पहिला डोस घेतलेल्या मुंब्र्याच्या कामगाराने लस नाकारलेली नव्हती, त्याची फक्त पाळी आली नव्हती. गाडीवाला साहेब आपल्या गाडीने ऑफिसला जात होता. याचा रोज बुडत होता.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पूर्ण वाचायला हवा. लशीच्या दुष्परिणामांची नोंद आणि माहिती लोकांसमोर ठेवा, असेही न्यायालयाने केंद्राला सांगितले आहे. लोकांचा विश्वास यातूनच वाढतो. कडक नियमही लोक मानतात, फक्त तो सगळ्यांना सारखा हवा आणि त्याचे कारण समजले पाहिजे. 2022 च्या हजसाठी सौदी सरकारने लस सक्तीची केली, 65 वर्षांची वयोमर्यादाही घातली. अनेक बुजुर्गांची नियत अपुरी राहिली, त्यांना वाईट वाटले. पण अट लहान-मोठ्या सगळ्यांना एकच असल्याने कोणी तिच्यावर संशय घेतला नाही.

जून 2022 मध्ये शाळा सुरू होताना 12 वर्षांवरील ज्या मुलांची लस राहिली होती, त्यांची संमतीपत्रे पुन्हा घरोघरी जाणार होती. सही करा किंवा करू नका, तो हक्क न्यायालयानेच अधोरेखित केला आहे. मात्र ठरवताना मोबाइलवरच्या स्टारला विचारू नका. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना विचारा, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना विचारा, मनात असलेली शंका मोकळेपणाने बोला. आणि उद्या कोणी नियम लावला, तर तो सगळ्यांना लागू आहे का, हेही जरूर विचारा.