नक्षी नको, भोकं बघा!

परवा शनिवारी रेणापूरला गेलो. नव्या स्लॅबच्या खोलीच्या झरोक्यासाठी बाबांनी नक्षीदार जाळी पसंत केलेली. म्हटलं, "बाबा, नक्षी नका बघू, भोकं बघा!" हवा जाते ती मोकळ्या जागेतून. पट्ट्या जाड, त्यात मागे डासांची जाळी, मग मोठा झरोकाही नावापुरताच उरतो. पट्ट्या बाहेरच्या बाजूला उतरत्या हव्यात, म्हणजे पाऊस आत येत नाही. आणि गरम हवा वर चढते, म्हणून झरोका छताजवळच हवा.

जुन्या माळवदाला साणं असायचं, ते हेच काम करायचं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची घरं कोसळली. माळवद सोडलं ते बरोबरच, पण सोबत साणंही सोडलं!

मे महिन्यात आजी त्याच खोलीत झोपणार. शेवटी साधीच जाळी घेतली. नक्षी काय, रांगोळीत बघू!