अँप लहान घेतला म्हणून सब वाचत नाही

मागच्या दिवाळीत माझ्या सल्ल्यामुळे मावसभावाचा सबवूफर जळला. अक्षरशः जळला. खंबाटकी घाटात डिकीतून वास यायला लागला, पठ्ठ्याला वाटलं क्लच गेला. साताऱ्याला पोचून फोन: "दादा, बेस बंद झालाय."

माझा सल्ला असा होता, की सबपेक्षा अँप थोडा लहान घे, म्हणजे जळायची भीतीच नको. आयटीत आहे म्हटलं की घरचे आपल्याला मिक्सरपासून म्युच्युअल फंडापर्यंत काहीही विचारतात, आणि आपणही ठोकून देतो. त्याने पहिल्या पगारातून घेतलेल्या सबच्या खोक्यावर भलंमोठं '१३०० वॉट' छापलं होतं. आत कागदावर बारीक अक्षरात आरएमएस २५० वॉट. अँप ४ ओहमला २०० वॉट आरएमएस. म्हणजे माझ्या हिशेबाने एकदम सेफ!

हिशेब कुठे चुकला? अँपच्या २०० या आकड्यात. तो स्वच्छ साइन वेव्हचा असतो. गेन पिळत नेला की लाटेचे माथे कापले जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण कापली गेली की तीच लाट चौकोनी होते, आणि तेवढ्याच व्होल्टेजच्या चौकोनी लाटेत साइनच्या दुप्पट पॉवर असते. भावाने गेन पूर्ण आणि बेस बूस्टही पूर्ण ठेवला होता. म्हणजे २०० वॉटचा अँप ४०० च्या आसपास ओतत होता, तेही पुणे ते खंबाटकी न थांबता. २५० वाली कॉइल किती वेळ दम धरणार?

विश्वास बसत नसेल तर तुमच्या गाडीतला साधा स्टिरिओ बघा. त्यावर '५० वॉट × ४' लिहिलेलं असतं ना? गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात, स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, आले ५२ वॉट. पण हे चौकोनी लाटेचे! साइनचे त्याच्या निम्मे, २६, आणि तेही आतला तोटा शून्य धरून. थोडक्यात, तो ५० चा आकडा स्टिरिओ पूर्ण बोंबलत असतानाचा आहे.

म्हणूनच माझं आता स्पष्ट मत आहे, की खोक्यावरचा मोठा आकडा वाचूच नये. अमेरिकेत २००३ मध्ये सीईए-२००६ नावाचं मानक आलं (२००६ हे वर्ष नव्हे, नावच तसं आहे, आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात). त्यात अँपची पॉवर १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन ठेवून मोजतात. पण ते ऐच्छिक आहे, त्यामुळे खोक्यावर वाट्टेल ते छापणारे छापतातच.

दुसऱ्या वेळी पैसे मी दिले. (मावशीने काही म्हटलं नाही, पण चहा देताना ज्या नजरेने पाहिलं ते पुरेसं होतं.) या वेळी आधी ओहम बघितले. दुकानदार २+२ ओहमचा डबल कॉइल सब स्वस्तात देत होता. अँप नवा, ४ ओहमला २५० वॉट, २ ओहमला ४००, त्याखाली चालत नाही. २+२ पॅरलल जोडला तर १ ओहम, म्हणजे अँप तापून प्रोटेक्शनमध्ये जाणार. सिरीजमध्ये ४ ओहम, म्हणजे ४०० चे पैसे देऊन वापरायचे २५०. आम्ही ४+४ वाला घेतला, आरएमएस ३५०. पॅरललमध्ये बरोबर २ ओहम. अँप सबपेक्षा मोठा, आणि मला तेच हवं होतं.

मग मल्टिमीटर काढला. सब काढून ठेवला, बेस बूस्ट शून्य, स्टिरिओचा आवाज पाऊणपट, ५० हर्ट्झचा टोन लावला. लक्ष्य ३०० वॉट. ३०० गुणिले २ चं वर्गमूळ, साडेचोवीस व्होल्ट. अँपच्या आउटपुटला एसीवर तेवढं दिसेपर्यंत गेन फिरवला. जेमतेम एक तृतीयांश फिरला, तर भाऊ हिरमुसला! गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे त्याला अजून पटलेलं नाही. आणि ३०० ऐवजी ४०० केले तरी सव्वा डेसिबल वाढणार, कानाला धड कळायचंही नाही.

वायर मात्र बघून माझीच टरकली. पहिल्या फिटिंगवाल्याने फ्यूज डिकीत, अँपच्या शेजारी लावला होता. अहो, तो फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतची सगळी लाइन उघडी. इंजिनच्या पत्र्यातल्या भोकात, जिथे रबरी ग्रोमेट हवा, तिथे घासून प्लॅस्टिक पांढरं पडलेलं होतं. अजून थोडं घासलं असतं तर बॅटरी थेट बॉडीला शॉर्ट, आणि मध्ये तोडणारं काही नाही. ही गाडी घेऊन मावशी-काका कोल्हापूरला जाऊन आले होते! सब जळला म्हणून बॉनेट उघडलं, नाहीतर मी कशाला बघायला गेलो असतो?

आता बॅटरीपासून एका वितीवर फ्यूज आहे, भोकात ग्रोमेट आहे, वायर शुद्ध तांब्याची आहे. गेनवर मी सेलोटेप लावलाय. परवा बघितलं तर एक कोपरा उचललेला दिसला. भाऊ म्हणतो, उन्हाने निघाला असेल.